कादंबरी अडली आहे, खेळ मात्र धावतो आहे: दोघींनी मिळून लिहिताना नेमके काय चुकते?

पाणंद

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी आणि माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण गेली काही वर्षे एकत्र कथात्म लेखन करीत आहोत. मी कोल्हापूरकडची, माझे वडील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. मैत्रीण बीड जिल्ह्यातली. तिच्या गावातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की परततात. आम्ही लिहीत असलेली कादंबरी एका गाळप हंगामाची आहे. त्यात काट्यावरचा एक कारकून आहे आणि तोडणीच्या टोळीतली सोळा वर्षांची एक मुलगी आहे. कारकुनाची प्रकरणे मी लिहावीत आणि मुलीची तिने, ही वाटणी इतकी स्वाभाविक वाटली की तिच्यावर आम्ही चर्चासुद्धा केली नाही. दहा प्रकरणे झाली. अकरावे प्रकरण गेल्या पंधरा महिन्यांत लिहून झालेले नाही.

याच काळात आमचा दुसरा उद्योग मात्र जोरात चालू आहे. २०२० च्या टाळेबंदीत वेळ जाईना म्हणून आम्ही मोबाइलवर एका काल्पनिक गृहनिर्माण सोसायटीची सूचनापत्रे एकमेकींना पाठवू लागलो. ती सोसायटीची सेक्रेटरी होते आणि मी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गणित शिक्षक. सेक्रेटरीबाईंनी गच्चीवर पापड वाळत घालण्यास मनाई केली, की मास्तर 'पापड' या शब्दाची व्याख्या मागतात आणि कुरडया त्या व्याख्येत बसतात किंवा कसे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत मिळावा असे कळवतात. अशी दोनशेहून अधिक पत्रे झाली आहेत. त्यांतली काही, माझ्या मते, आमच्या कादंबरीतल्या कोणत्याही पानापेक्षा सरस आहेत, आणि हेच मला बोचते.

माझे प्रश्न असे आहेत. आळीपाळीने प्रकरणे लिहिण्याची पद्धतच चुकीची आहे का? आणि सहलेखिकेचे लेखन पटले नाही तर ते सांगावे कसे? तिच्या सातव्या प्रकरणात ती मुलगी एखाद्या समाजकार्याच्या पुस्तिकेतल्यासारखी बोलते, असे मला वाटले; पण ते जग तिच्या गावचे आहे, माझ्या घरात कोयता कधी आला नाही, मग मी कोण बोलणार, असा विचार करून मी 'छान झाले आहे' एवढेच कळवले. माझ्या चौथ्या प्रकरणाबद्दल तिनेही हेच तीन शब्द लिहिले होते, आणि ते प्रकरण छान झालेले नाही हे मला पक्के ठाऊक आहे.

सांजवात

आपला प्रश्न वाचताना हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण 'छान झाले आहे' हे तीन शब्द आमच्या घरातही एकेकाळी फार वापरले गेले. मी आणि माझे यजमान बरीच वर्षे एकत्र श्रुतिका लिहीत होतो. त्या काळात आमचे भांडण कधी झाले नाही, आणि त्या काळातल्या आमच्या श्रुतिका आज वाचवत नाहीत.

आपल्या दोन उद्योगांतला फरक माझ्या मते असा आहे. सूचनापत्रांच्या खेळात प्रत्येकीकडे स्वतःचे एक पात्र आहे आणि दुसरीने त्याला हात लावायचा नाही, हा नियम न सांगता पाळला जातो. मास्तर काय बोलतील हे सेक्रेटरीबाईंनी ठरवायचे नसते. ते ठरवले तर खेळच संपेल, कारण पुढचे पत्र काय येईल याची उत्सुकता हाच त्या खेळाचा प्राण आहे. हाच नियम आपण नकळत कादंबरीत नेलात. कारकून तुमचा, मुलगी तिची, आणि एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकायचे नाही. खेळात हा शिष्टाचार शोभतो, कारण तिथे वाचणाऱ्याही तुम्ही दोघीच असता. कादंबरी वाचणारा तिसरा कोणीतरी असतो आणि कोणते वाक्य कोणी लिहिले याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

आळीपाळीच्या पद्धतीत मुळातच दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत पोलीस तपासाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्या अशाच. मुले झोपली की दोघे लिहायला बसत आणि एकेक प्रकरण घेत. परंतु दुसऱ्या रात्री ते प्रकरणांची अदलाबदल करीत. तिने लिहिलेले तो टंकलिखित करी, त्याने लिहिलेले ती करी, आणि टंकलेखन करता करताच हवे तिथे बदल होत असत. ती शैली त्याचीही नसावी आणि तिचीही नसावी, असा त्यांचा प्रयत्न होता. आपण त्यांची पहिली रात्र घेतली आहे आणि दुसरी सोडून दिली आहे.

आम्ही पुढे असे केले की ज्याने प्रवेश लिहिला त्याने त्यावर शेवटचा हात फिरवायचा नाही. नियम साधा होता, पण पहिल्या महिन्यात दोन दिवस अबोला झाला. मी सहा ओळींत लिहिलेले एका विधवेचे स्वगत यजमानांनी 'दार लावून घे' या तीन शब्दांवर आणले होते. मला राग आला तो शब्द गेल्याचा नव्हता. तीन शब्द पुरतात हे मला आधी का सुचले नाही, याचा होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती ओळ म्हणणाऱ्या नटीने एकदा थांबून दार लावल्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली, आणि तिथे आमचे भांडण मिटले.

एक छोटी सूचना करते. अभिप्राय देताना 'छान' आणि 'वाईट' हे दोन्ही शब्द महिनाभर वर्ज्य करा. समासात फक्त 'इथे मी वाचताना थांबले' एवढीच खूण करा. कारण द्यायची सक्ती नको. ज्या ओळीपाशी दुसरी थांबली ती ओळ लिहिणारीला बहुधा आधीपासूनच खुपत असते.

दुपदरी

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. दोन आवाज घोटून एक करणे हा एक मार्ग झाला. तो प्रत्येक कादंबरीला लागू पडेल असे नाही. हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या दांपत्याने 'एक इंच मुस्कान' ही कादंबरी आळीपाळीने लिहिली. नायकाच्या बाजूची प्रकरणे राजेंद्रजींनी लिहिली, तर कथेतल्या दोन स्त्रियांच्या बाजूची मन्नूजींनी. तिथे दोन लेखण्यांमधले अंतर लपवलेले नाही, कारण पुरुष ज्या प्रसंगाकडे एका रीतीने पाहतो त्याच प्रसंगाकडे स्त्री कशी पाहते, हाच कथेचा गाभा आहे. पाणंद यांच्या कादंबरीतही काट्यावर बसलेला माणूस आणि फडात वाकलेली मुलगी यांनी एकाच स्वरात बोलावे, ही अपेक्षा मला पटत नाही.

परंतु दोन आवाज वेगळे ठेवायचे असतील, तर ते एकमेकांवर आदळले पाहिजेत. आपण दहा प्रकरणे म्हणता. त्यांपैकी किती प्रकरणांत कारकून आणि ती मुलगी एकाच जागी उभी आहेत? माझा अंदाज असा की एकाही नाही, किंवा फार तर एखाद्यात. तशी जागा आली की ती कोणी लिहायची हा पेच पडतो आणि मग सोयीने ती टाळली जाते. अकरावे प्रकरण अडले आहे ते बहुधा याच जागी. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते, ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होते, आणि या दोहोंच्या वजाबाकीवर टोळीची मजुरी ठरते. काटामारीचा, म्हणजे वजन कमी दाखवल्याचा, संशय असणारी माणसे खाली उभी आणि पावती फाडणारा खिडकीच्या आत. तुमच्या दोन पात्रांनी समोरासमोर यावे अशी याहून चांगली जागा कोणती? त्या खिडकीच्या दोन्ही बाजू दोघींनी एकाच दिवशी, एकमेकींना न दाखवता लिहून पाहाव्यात. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले की कोणता आवाज कुठे खोटा लागतो हे कोणी कोणाला सांगावे लागणार नाही.

आता 'मी कोण बोलणार' या मुद्द्याविषयी. हा संकोच सभ्यपणाचा आहे हे मान्य, पण त्यामुळे आपण मैत्रिणीला एकटे पाडले आहे. त्या मुलीचे सगळे ओझे तिच्या डोक्यावर, आणि चुकली तर दोषही तिचाच. शिवाय एखाद्या गावची असणे म्हणजे त्या गावातले प्रत्येक जीवन जगलेले असणे नव्हे. आपण तरी वडिलांच्या काट्यावर किती दिवस बसला होता?

गच्चीवरचा

मला आपल्या कादंबरीपेक्षा सूचनापत्रांविषयी अधिक बोलायचे आहे, कारण वरच्या दोन्ही प्रतिसादांत त्यांना 'खेळ' म्हणून थोडे बाजूला सारले गेले, असे वाटले.

बोर्हेस आणि बिओय कासारेस या अर्जेंटिनी लेखकमित्रांचे पहिले संयुक्त लेखन कोणते होते, तर दह्याच्या गुणांचे वर्णन करणारी एक जाहिरातपुस्तिका. बिओय यांच्या आजोळच्या मंडळींचा दुग्धव्यवसाय होता. पुढे दोघांनी आपापल्या पणजोबांच्या घराण्यांतून एकेक आडनाव उचलले, 'बुस्तोस दोमेक' नावाचा एक लेखक कल्पिला आणि १९४२ मध्ये त्याच्या नावावर विनोदी हेरकथांचे पुस्तक काढले. हा कल्पित लेखक हळूहळू दोघांच्याही हाताबाहेर गेला. त्याच्या कोट्या आणि त्याच्या खोडी दोघांपैकी कोणाच्याच राहिल्या नाहीत, अशा अर्थाचे बोर्हेस यांनी पुढे सांगितले आहे. आपल्या खेळात हे अद्याप झालेले दिसत नाही. तिथे मास्तर आणि सेक्रेटरीबाई आहेत, पण ती सोसायटी कोणाची? पाण्याची टाकी कोण धुतो, लिफ्टचा देखभालखर्च कोणी थकवला आहे, पत्रांत कधीच न बोलणारा तळमजल्यावरचा भाडेकरू कोण आहे, हे दोघींनी मिळून शोधायला घेतलेत तर खेळातच तुम्हाला एकत्र लिहिण्याचा सराव होईल, तोही कोणाला काही सिद्ध करायचे नसताना.

खेळातून गंभीर काम उभे राहते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे जेम्स एस. ए. कोरी या नावाने लिहिणारे दोन अमेरिकी लेखक. त्यांच्यापैकी एकाने उभारलेल्या, इंटरनेटवर आळीपाळीने नोंदी लिहून खेळल्या जाणाऱ्या भूमिकांच्या खेळातले अंतराळविश्व दोघांनी कादंबरीत आणले आणि २०११ मध्ये त्या मालिकेचे पहिले पुस्तक निघाले. तिथेही एकेका पात्राची प्रकरणे एकेकाने लिहिली आणि नंतर एकमेकांच्या प्रकरणांवर हात फिरवला. म्हणजे सांजवात म्हणतात ती 'दुसरी रात्र' इथेही आहेच.

एक इशारा मात्र देतो. सूचनापत्रे चांगली झाली आहेत म्हणून ती लगेच कुठे छापायला देऊ नका. आमच्या गटाचा असाच एक खेळ होता: मृत्युपत्रावरून भांडणारी पाच भावंडे. कोणीतरी म्हटले की याचे पुस्तक होईल. त्या दिवसापासून प्रत्येक जण आपले भावंड अधिक हुशार दिसावे म्हणून लिहू लागला आणि दोन महिन्यांत सगळी भावंडे गप्प झाली.

मुखत्यार

साहित्यिक बाजू वर पुरेशी आली आहे. मी एका रूक्ष गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिच्याविषयी आपण विचारलेले नाही, परंतु जी आज दोघी गोडीत असतानाच उरकून घेणे बरे.

१९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात संयुक्त कर्तृत्वाच्या कृतीची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक व्यक्तींच्या सहयोगाने निर्माण झालेली आणि जिच्यात एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही, अशी कृती त्यात येते. आपली आजची पद्धत या व्याख्येत नीट बसते का, हे मी आपल्यावरच सोपवतो. तुमची पाच प्रकरणे तुमची आणि तिची पाच तिची, असे बोट ठेवून दाखवता येत असेल, तर उद्या वाद झाल्यास 'ही एकच कृती आहे' हे म्हणणे तितके सोपे राहणार नाही. गमतीची बाब अशी की सांजवात यांनी लेखनासाठी सुचवलेली अदलाबदल कायद्याच्या दृष्टीनेही तुम्हाला त्या व्याख्येच्या जवळ नेते.

संयुक्त कृतीचा हक्क सर्वांत शेवटी निधन पावणाऱ्या लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे हा प्रश्न कदाचित तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. प्रकाशकाकडे हक्क सोपवताना तो लेखी आणि सहीनिशी असावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तुम्हा दोघींमध्ये मात्र एका कागदावर एवढे तरी लिहून ठेवा: नावे कोणत्या क्रमाने येतील, मानधन कसे वाटले जाईल, आणि एकीने मध्येच काम सोडले तर दुसरीला ते पूर्ण करता येईल की नाही. शेवटचा मुद्दा लिहिताना अवघड वाटते आणि म्हणूनच तो बहुतेक जण गाळतात. माझ्याकडे आलेल्या अशा दोन प्रकरणांत भांडण पैशांचे नव्हते. अर्धे लिहिलेले हस्तलिखित कोणाच्या कपाटात राहावे, एवढाच वाद होता.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे आणि मग बोलायचे असे ठरवले होते.

दुपदरी यांचा अंदाज अचूक होता. दहा प्रकरणांत कारकून आणि ती मुलगी एकदाही एका जागी येत नाहीत, आणि हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलेले नव्हते. आम्ही काट्याच्या खिडकीचा प्रसंग दोघींनी वेगवेगळा लिहिला. माझ्या मसुद्यात कारकुनाला वाईट वाटते, तो चष्मा पुसतो, बाहेरच्या धुराड्याकडे पाहतो, आणि हे सगळे साडेतीन पानांत चालते. तिच्या मसुद्यात ती मुलगी खिडकीतून फक्त त्याचा हात पाहते, कारण खिडकीची उंची तेवढीच आहे. पावती आली की ती आकडा वाचते आणि मनात आदल्या दिवशीच्या मोळ्या मोजते. चेहरा तिला दिसतच नाही. माझी साडेतीन पाने त्या एका हातापुढे टिकेनात. मग मी तिला माझे चौथे प्रकरण दिले आणि हवे ते कर म्हणून सांगितले. तिने त्याचे अर्धे केले आणि माझ्या वडिलांची म्हणून मी जपलेली एक आठवणही कापली. दोन दिवस मी तिला उत्तर दिले नाही. सांजवात यांच्या घरातही दोन दिवसच लागले होते, याचा आधार वाटला.

तिचे सातवे प्रकरण माझ्याकडे आहे. 'इथे मी थांबले' अशा अकरा खुणा करून ठेवल्या आहेत, पण पुढे हात धजावत नाही. ती हा धागा वाचते आहे, म्हणून हे इथेच सांगून टाकते.

वाढं

मीच ती मैत्रीण. पाणंदचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी वाचला होता आणि रागावले होते. 'समाजकार्याच्या पुस्तिकेतल्यासारखी' हे शब्द मला फोनवर ऐकायला आवडले असते.

आता खुलासा. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या घरातून कोणी तोडीला गेले नाही. मी कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, एक रात्रही राहिलेली नाही. वर्गातल्या मुली दिवाळीनंतर दिसेनाशा व्हायच्या आणि उन्हाळ्यात परतायच्या, एवढेच माझे पाहणे. हे तुला चांगले ठाऊक आहे, पण लिहायला बसल्यावर तू मला सगळ्या जिल्ह्याची मुखत्यारीण करून टाकलेस, आणि मीही ती झाले. ती मुलगी चुकीचे काही बोलली तर माझ्या गावाचा अपमान होईल या भीतीने मी तिच्या तोंडी फक्त बरोबर वाक्ये घातली. तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, त्या जोडीच्या नावावर असते. एकाने खाडा केला तरी दुसऱ्याचा दिवस भरत नाही. हे वाक्य मी सातव्या प्रकरणात तिच्याकडून समजावून सांगवले आहे. ज्या मुलीचे आईबाप कोयता आहेत ती असे कशाला समजावून सांगेल? ती खुणांच्या अकरा जागांपैकी एक असेल अशी माझी खात्री आहे. नसेल तर बारावी कर.

सातव्याला हात लाव. फक्त तिच्या बोलण्यातले 'वाढं' काढून 'वाडे' करू नकोस. जनावराचे वैरण आहे ते, इमारत नव्हे. बाकी सर्व तुझ्या स्वाधीन. मुखत्यार यांनी सांगितलेला कागदही मी लिहून ठेवला आहे. काम सोडण्याच्या कलमापाशी मी थांबले आहे, तिथले वाक्य तू लिही.

अकरावे प्रकरण रविवारी पाठवते. आणि मास्तरांना कळवावे की कुरडयांबाबतचा खुलासा सूचनाफलकावर लावण्यात आला असून, त्यावर हरकत नोंदवण्याची मुदत काल सायंकाळी सहा वाजता संपली आहे.